डेनिस, बाहेर ये

डेनिसकाकाचं घर एका गुरुवारी दुपारी समुद्रात गेलं. घरात कोणी नव्हतं. काका सुखरूप आहे, हल नावाच्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आधीच सांगून टाकलं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. घर कड्यावर उभं आहे, काका स्वयंपाकघरात बेकन परततोय, आणि मागच्या अंगणाच्या जागी अंगणाएवढी हवा आहे.

माझा बाबा म्हणजे माल्कम मेडफर्थ. स्टेजवर उभं राहून मख्ख चेहऱ्याने विनोद सांगणं हा त्याचा धंदा. इंग्लंडात मख्ख चेहरा ही काही दुर्मीळ वस्तू नाही, बसथांब्यावर फुकट बघायला मिळते. पण बाबाचा बघायला लोक तिकीट काढायचे. मी जन्मले त्या दिवशीचा एक फोटो आहे. त्यात आई रडतेय, नर्स हसतेय, मी किंचाळतेय, आणि बाबा पार्किंगची पावती कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखा उभा आहे. तो त्याच्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा क्षण होता, असं तो म्हणतो. म्हणतानाही तसाच दिसतो.

तो प्रसिद्ध झाला तो काकामुळे.

“माझ्या भावाने घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला, इथून समुद्र दिसत नाही,” बाबा सांगायचा. मग इतका वेळ थांबायचा की पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटायचं, याला काहीतरी होतंय. “डेनिसने धीर धरला.”

पुन्हा थांबायचा.

“परवा शेड गेली. खाली उतरून शेड आणायची तर शिडी हवी. शिडी शेडमध्ये आहे.”

आणि सगळ्यात शेवटी, “मी म्हटलं, डेनिस, बाहेर ये.” इथे अख्खं सभागृह ओरडायचं, “पुढच्या दाराने की मागच्या?”

“मागचं दार,” बाबा म्हणायचा, “आता फक्त पोहणाऱ्यांसाठी.”

हे वाक्य चहाच्या मगांवर छापलेलं आहे. माझ्या दंतवैद्याकडेही तसा एक मग आहे.

गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य बाबाचं नव्हतं. दर रविवारी दुपारी तो गाडी काढून विदर्नसी गावाच्या पुढे, समुद्राकडच्या कड्यावर, काकाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. काका चहा ओतायचा आणि मग काळजी ओतायचा. शेड गेली, कुंपण गेलं, शेजारचे मिस्टर टेनिसन गेले (ते मुलीकडे गेले, समुद्रात नाही). बाबा ऐकायचा. सोमवारी तेच शब्द स्टेजवर. काकाची काळजी आणि बाबाचा चेहरा, अशी ती भागीदारी होती. दोघांपैकी कुणीही हे कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे महत्त्वाचं काही बोलून दाखवत नाहीत, हवेबद्दल बोलतात.

काकाने जन्मभर हलच्या कारखान्यात कॅरव्हॅन बनवल्या, म्हणजे चाकांवरची घरं. स्वतःला मात्र चाकं नसलेलं घर घेतलं. “बदल म्हणून,” तो म्हणायचा.

त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस पडला आणि कड्याची माती लोण्यासारखी सुटायला लागली. कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, बाई अधूनमधून येऊन एका नारिंगी खुंटीपासून कडा किती लांब आहे ते मोजायची. ऑक्टोबरात आली तेव्हा खुंटीच नव्हती. तिने काकाला सांगितलं, पुढच्या मोठ्या वादळात घर जाईल. काकाने तिला चहा पाजला.

त्या रविवारी बाबाबरोबर मीही गेले.

“ये रे मख्ख्या,” काका म्हणाला. “पोरी, तू भिंतीकडच्या खुर्चीवर बस. ती खुर्ची अजून इंग्लंडात आहे.”

टेबलाच्या एका पायाखाली त्याने पुठ्ठे घातले होते, तरी माझा कप हळूहळू खिडकीकडे निघाला. काकाने न बघता तो अडवला आणि परत माझ्यापुढे ठेवला. सवयीचं काम.

“डेनिस,” बाबा म्हणाला, “बाहेर ये.”

“पुढच्या दाराने की मागच्या?” काका बेकन उलटत म्हणाला.

“मी खरंच सांगतोय.”

“आणि मी खरंच विचारतोय.”

“डेनिस, वादळ आलं तर हा ओटा जाईल.”

“थांब, थांब. ‘जाईल’ नको. ‘ओटा निघेल’ म्हण. जणू त्याला कुठे भेटायचंय कुणाला. जास्त हसतील.”

बाबाने खिशातून पेन काढलं. मग आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते परत ठेवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. तीच तर अडचण होती. इतकी वर्षं त्याने देशभर, टीव्हीवर, एकदा तर जहाजावरसुद्धा याच शब्दांत आणि याच चेहऱ्याने भावाला घराबाहेर बोलावलं होतं. आता खरोखर बोलवायची वेळ आली, तर त्याच्याकडे ना दुसरे शब्द होते, ना दुसरा चेहरा.

त्या आठवड्यात त्याने मला घरी बोलावलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. हे बरं दिसतंय की ते, असं दिवसभर लोकांना विचारायचं. त्यामुळे या बाबतीत माझा शब्द घरात शेवटचा. बाबा बाथरूमच्या आरशासमोर उभा होता.

“हा कसाय?”

“दाढ दुखतेय?”

“नाही. काळजी वाटतेय. आणि हा?”

“आता दोन दाढा.”

“टेसा, नीट बघ. हा जिवाचा आकांत आहे.”

मी नीट बघितलं. डावी भुवई किंचित वर गेली होती. त्याच्यासाठी ती कसरतच होती, कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, हा ठेव.

रविवारी काकाच्या दारातच त्याने तो चेहरा लावला आणि म्हणाला, “डेनिस, मी हात जोडतो.” हातही जोडले. काकाने बघितलं आणि असा हसत सुटला की आधारासाठी फ्रिजला टेकला. फ्रिज त्याला घेऊन मागच्या दाराकडे वीतभर सरकला.

“हे नवीन आहे!” काका डोळे पुसत म्हणाला. “ती भुवई! अरे, ती ठेव. ती सोडू नकोस.”

बाबाने भुवई खाली घेतली आणि कडा बघायला बाहेर गेला. म्हणजे बघायला फार लांब जावं लागलं नाही.

मी काकाबरोबर फ्रिज जागेवर ढकलला. “कौन्सिल हलला फ्लॅट देतेय ना? मग का जात नाहीस?”

“गेलो असतो गं. पण मग तुझा बाप बोलणार काय? फ्लॅटच्या जिन्याबद्दल?”

“बोलेल दुसरं काहीतरी.”

“त्याला दुसरं काही येत नाही, पोरी. शाळेत सुतारकामात नापास. गोदीवर मासे भरायला लावला, तर मुकादम म्हणाला, याला घेऊन जा, मासे याच्यापेक्षा हसरे दिसतात.” काका चहाचं पाणी ठेवायला वळला. “आई जाताना मला म्हणाली, डेनिस, माल्कमकडे बघ, त्याला काही येत नाही. मग बघतोय. मी इथे बसून काळजी करतो, त्यावर तो जेवतो. घर आहे तोवर पुरेल.”

“आणि घर गेल्यावर?”

“मग काय, शेवट मिळाला की त्याला! एवढा चांगला शेवट कुणाच्या नशिबात असतो?”

हे तो मजेत म्हणाला. किटली ओट्यावरून सरकत होती, ती त्याने पकडली.

परतताना गाडीत मी बाबाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. पण तो नेहमीच बराच वेळ काही बोलत नाही, त्यामुळे त्याने ऐकलं की नाही ते कळेना. हलच्या वेशीवर आम्ही चिप्स घ्यायला थांबलो. वर लाल मसाला भुरभुरून बाईने पुडा दिला. बाबाने पुडा तसाच मांडीवर धरून ठेवला.

“शनिवारचा कार्यक्रम विदर्नसीला, त्याच्याच गावात आहे ना?” तो म्हणाला.

“हो.”

“तो येईल?”

“तिसऱ्या रांगेत. नेहमीसारखा.”

विदर्नसीचं दीपगृह समुद्रावर नाही. ते गावाच्या मधोमध, घरांच्या रांगेत उभं आहे. आपण कशाला चालत जा, समुद्रच येईल, असा त्याचा हिशेब. शनिवारी त्याच्याभोवतीच्या गल्ल्यांमध्ये गाड्या लावायला जागा उरली नाही. सभागृहात काका आला, तेव्हा लोक वळून बघायला लागले. कुणी टाळ्या वाजवल्या. काकाने महापौरासारखा हात वर केला आणि टोपी मांडीवर घेऊन बसला.

बाबा आला. माइकपाशी उभा राहिला. थांबला.

“डेनिस बाहेर आला,” तो म्हणाला. “गेल्या मंगळवारी. आता हलला राहतो. तो विषय संपला.”

यातलं काहीही घडलं नव्हतं. प्रचंड हशा. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघायला लागले. पुढचं वाक्य पावाच्या डब्याबद्दल होतं. त्याच्या पुढचंही. पावाचा डबा, त्याचं झाकण, झाकणाचा आवाज. बाबा बोलत राहिला. पाव शिळा का होतो यावर त्याने बराच विचार केलेला दिसला. तो विचार कुणालाही हसू येईल असा नव्हता, आणि मला वाटतं त्याने मुद्दामच तसा केला होता. किंवा नसेलही. काका म्हणाला होता तेच खरं असेल, त्याला दुसरं काही येत नसेल.

“डेनिसचं काय झालं?” मागून एकजण ओरडला.

“झाकण,” बाबा म्हणाला, “दोन्ही बाजूंनी बसतं.”

एका बाईने कोट चढवला. तिच्या नवऱ्यानेही चढवला. माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत काकाचे कान लाल झाले होते. टोपी हातात पिळून पिळून तिची दोरी झाली होती. समोर त्याचा धाकटा भाऊ बुडत होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. शेवटी काका उभा राहिला. ज्या माणसाने आयुष्यात सभागृहात कधी तोंड उघडलं नव्हतं, तो सगळा जीव एकवटून ओरडला,

“पुढच्या दाराने की मागच्या?”

सभागृह जागं झालं. कोटवाली बाई परत खाली बसली. आता फक्त एक वाक्य टाकायचं होतं, बाबाचंच, मगावर छापलेलं. सगळे पुढे झुकले.

बाबाने काकाकडे बघितलं. थांबला. मी त्याचे खूप थांबे बघितलेत, पण एवढा लांब नाही.

“माफ करा, साहेब,” तो म्हणाला. “आपण कोण?”

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तोच. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. काका एकटाच हसला नाही. तो शेजारच्यांची माफी मागत, गुडघे चुकवत रांगेतून बाहेर गेला. पुढच्या दाराने.

गाडीत बसल्यावर बाबाने विचारलं, “लागलं त्याला?”

“लागलं.”

“बरं झालं.”

त्याला सीटबेल्ट लावता येईना. पुन्हा पुन्हा चुकत होता. मी लावून दिला.

सोमवारी काकाने कौन्सिलला फोन केला. आठवडाभरात तो किटली, तवा आणि कपडे घेऊन निघाला. दाराला कुलूप लावलं. समुद्राला किल्ली लागत नाही, पण सवय. पुढच्या गुरुवारी वादळात घर गेलं. आधी ओटा निघाला. कड्यावर गर्दी जमली होती, मोबाइल वर करून. कुणीतरी ओरडलं, “डेनिस, बाहेर ये!” आणि सगळे हसले. मग त्यांना कॉलर वर करून उभा असलेला बाबा दिसला, आणि आता हा काहीतरी म्हणेल म्हणून ते गप्प झाले. तो काहीच म्हणाला नाही. त्यावरही हसले.

आता बाबा कार्यक्रम करत नाही. पावाच्या डब्याला मागणी नाही. रविवारी मात्र तो हलला तिसऱ्या मजल्यावर जातो. मी एकदा बरोबर गेले होते. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, ती कुठेही सरकत नाही. टेबल सपाट आहे. कप जिथे ठेवाल तिथेच राहतो.

“कसा आहेस, डेनिस?”

“बरा.”

“हवा?”

“आहे.”

काका चहा घेऊन आला. ज्या भावाला तो लहानपणापासून दोन चमचे साखर घालून चहा देत आला, त्याच्यासमोर साखरेचं भांडं धरून तो म्हणाला, “साखर किती घेता, साहेब?”

मी काकाकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग बाबाकडे बघितलं. तिथेही नव्हतं. चेहरा घराण्यातच असावा, काकाने इतकी वर्षं वापरला नव्हता इतकंच.

“दोन,” बाबा म्हणाला. “आभारी आहे.”

परवा बाबाने मला एक अर्ज टाइप करायला दिला. विनोद आहे का, असं मी विचारलं. त्याने डावी भुवई किंचित वर केली. मी टाइप केला. तो असा :

प्रति, नियोजन विभाग. विषय : एक स्वयंपाकघर मूळ जागी पुन्हा उभारण्याच्या परवानगीबाबत. सदर जागा सध्या कड्याच्या बाहेर, हवेत आहे, याची अर्जदारास कल्पना आहे. छप्पर नसले तरी चालेल. टेबल एक (उतार पूर्वीइतकाच असावा), खुर्च्या दोन. किटली अर्जदाराच्या भावाकडे आहे. वापर फक्त रविवारी दुपारी, एक चहा होईपर्यंत. कारण : भावाशी बोलणे अर्धवट राहिले असून ते अन्य पत्त्यावर होत नाही. भाऊ पुढच्या दाराने येईल. मागच्या दाराबाबत काही म्हणणे नाही. तरी तेवढा वेळ समुद्राने थांबावे असे आपल्या स्तरावरून त्यास लेखी कळवून त्याची प्रत अर्जदारास देण्यात यावी, ही नम्र विनंती.