डावा सांधा

"हात लावू नकोस!"

थोरल्याने धाकट्या भावाचा हात झटकला आणि दवाखान्याच्या दाराची चौकट धरून, एका अंगाला कललेला, स्वतःच आत शिरला. डाव्या पायात कळ गेली. 'आई गं' तोंडून फुटू नये म्हणून त्याने ओठ चावला. बायको त्याच्या मागून आत आली. धाकटा दादाच्या कमरेसाठी आणलेली उशी काखेत धरून बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

दोघे भाऊ लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन देत. जिन्यावर त्यांचा एकच कायदा होता: खालच्याने 'टेक' म्हटल्याशिवाय वरच्याने ओझं टेकवायचं नाही. खालची बाजू कायम थोरल्याची. त्या दिवशी लोखंडी कपाट उतरवताना वरच्या बाजूच्या धाकट्याने 'टेक' ऐकण्याआधीच टेकवलं. कपाट कललं, सगळा भार थोरल्याच्या कमरेवर आला. तेव्हापासून घरी येईल त्या पाहुण्याला थोरला सांगे, "यानं माझी कंबर मोडली." तेही धाकट्याच्या देखत. धाकटा मान खाली घालून ऐके आणि पाहुणा गेला की विचारी, "दादा, शेक देऊ?" त्याने थोरल्याचं डोकं आणखीच फिरे.

डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या एमआरआयचा फोटो उजेडावर धरला.

"ही मणक्यांमधली गादी. इथून बाहेर आलीय, नस दाबतेय."

"ठाऊक आहे. कोणी केलं तेही ठाऊक आहे."

"ऐका तर. मणक्याच्या मागे डावा-उजवा असे दोन सांधे असतात. जोडदारासारखे, दोन्ही सारखे हवेत. तुमचा उजवा नीट आहे, डावा तिरका. वाकलात की मणका जरासा पिळवटतो. हे जन्मापासूनचं."

"म्हणजे ते कपाट...?"

"निमित्त झालं असेल. छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण ही गादी एका दिवसात झिजलेली नाही. एखाद्या शिंकेनेही सरकली असती."

थोरल्याच्या कपाळावरची शीर तटतटली.

"जन्मापासून म्हणजे? घडवणाऱ्याचाच हात वाकडा पडला म्हणायचं?"

"त्याला कशाला मध्ये ओढता?" बायको म्हणाली.

"मग कोणाला ओढू?"

त्याने टेबलावर मूठ आपटली. कळ टाचेपर्यंत उतरली. रागाला समोर कुणीतरी लागतं. देवावर डाफरावं, तर तो बिचारा उलट बोलत नाही.

बायको हळूच म्हणाली, "भावोजी आज सामान वाहायची गाडी विकतायत. म्हणाले, दादाची कंबर मोडून आता कुठल्या तोंडाने ओझं उचलू?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही ऐकून घेता कुणाचं? निदान आता तरी सांगा त्यांना."

थोरला कमरेचा पट्टा आवळत राहिला. सैल केला, पुन्हा आवळला. मग डॉक्टरीणबाईंकडे न बघताच त्याने विचारलं,

"हे वाकडेपण एकाच आईच्या दोन पोरांत असतं का हो?"

"असूही शकतं. बघितल्याशिवाय कसं कळणार?"

तो भिंत धरत बाहेर आला. धाकटा ताडकन उभा राहिला.

"काय म्हणाल्या, दादा?"

"आत जा. तुझी कंबर दाखव."

"माझी? मला कुठे दुखतंय?"

"मला तरी कुठे दुखत होतं, गाढवा? जा म्हणतो ना! आणि माझा फोटो समजावून सांगायला सांग त्यांना. सगळा. मध्ये तोंड घालू नकोस."

धाकटा गोंधळून आत गेला. दार लागलं. थोरला बाकावर टेकला. बायको शेजारी बसली.

"दोन शब्द तुम्हीच बोलला असतात तर?"

"शिवीच निघाली असती तोंडातून."

आतून डॉक्टरीणबाईंचा संथ आवाज येत होता. मग तो थांबला.

थोरल्याने बाकाची कड घट्ट धरली, दात आवळून कळ गिळली आणि आणखी एक माणूस बसेल एवढा बाजूला सरकला.