तीन पट्ट्या वर

ईस्टरची मिस्सा संपली आणि जॅक्सनने माइक हातात घेतला, तेव्हा सालोमी टीचर ऑर्गनपाशी बसून आपले कागद गोळा करत होत्या. स्वतःचं नाव ऐकून त्यांनी मान वर केली.

“सत्तावीस वर्षं टीचरांनी आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला,” जॅक्सन म्हणाला. “आता त्यांना विश्रांती द्यायला हवी. पुढच्या रविवारपासून माझी मुलगी ॲंजेला वाजवेल. टीचरांसाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. महिला मंडळाच्या दोघीजणी शाल आणि गुलाबांचा गुच्छ घेऊन पुढे आल्या. म्हणजे शाल आणून ठेवली होती, फुलं सांगून ठेवली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त टीचरांना. त्यांनी शाल घेतली, फोटोसाठी उभ्या राहिल्या, हसल्यासुद्धा. घरी आल्यावर शाल पिशवीतून बाहेरही काढली नाही. तशीच धुणं धुणाऱ्या बाईला देऊन टाकली.

त्या दिवशी त्या वाजवताना दोन ठिकाणी चुकल्या होत्या, हे खरं होतं. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर डाग पडले होते. चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी झेरॉक्सवरच्या बारीक ओळी एकमेकींत मिसळायच्या. ही गोष्ट त्यांनी स्वतःहून फक्त एकालाच सांगितली होती. जॅक्सनला. तो नऊ वर्षांचा असताना त्याची बोटं धरून त्यांनी त्याला पहिला सूर वाजवायला शिकवला होता. पुढे तो कॉयरचा, म्हणजे चर्चच्या गायकांचा, प्रमुख झाला तोही त्यांच्याच शब्दावर. म्हणून विश्वासाने सांगितलं होतं, “गाण्यांच्या प्रती जरा मोठ्या अक्षरात काढत जा रे.” मोठ्या प्रती कधी आल्या नाहीत. शाल आली.

आगाशी आणि नंदाखालच्या मधलं त्यांचं गाव लहान. जॅक्सन रोज समोरून जायचा. “कशा आहात टीचर? आराम चाललाय ना?” असं मोटरसायकल न थांबवताच विचारायचा. टीचर “हो” म्हणायच्या आणि फाटक लावून घ्यायच्या. नवरा गेला तेव्हासुद्धा त्या इतक्या रात्री जाग्या राहिल्या नव्हत्या.

जुलैमध्ये वसईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासताना सहज म्हटलं, “मोठं अक्षर आणि मागून उजेड असेल तर तुम्ही आरामात वाचाल. मोबाइलवरचं वाचता येतं ना तुम्हाला?”

टीचर बसने घरी आल्या त्या थेट जिना चढून वर गेल्या. वरच्या मजल्यावर रचना भाड्याने राहायची. मूळची साताऱ्याची, विरारच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघायची.

“मला टॅब घ्यायचाय,” टीचर म्हणाल्या.

“घेऊ की काकू. कशासाठी हवाय?”

“जॅक्सनला सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावायची आहे.”

रचना हसली, पण टीचर हसत नव्हत्या. मग तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडली. “ठीक आहे. पण त्यासाठी टॅबवर नेमकं काय करायचंय ते सांगा. ते कळलं नाही तर दुकानदार आपल्याला त्याच्या सोयीचं गळ्यात मारेल.”

टीचरांनी सांगितलं. गाण्यांचे कागद बघायचे. अंतर हातभर, बसल्या जागेपासून स्टँडपर्यंत. पान उलटायला हात रिकामा नसतो. चर्चमध्ये इंटरनेट लागत नाही. पैसे जास्तीत जास्त वीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही.

“सिमकार्डवाला नको मग, उगाच तीन हजार जातील,” रचना लिहिता लिहिता म्हणाली. “साठवायची जागाही फार नको, कागदांचे फोटो काही खूप जागा खात नाहीत. पण कॅमेरा बरा हवा.”

“मला कशाला कॅमेरा? मी काय फोटो काढत फिरणार आहे?”

“कागद टॅबमध्ये जाणार कसे काकू? फोटो काढूनच. फोटो धूसर आला तर मोठा करून धूसरच दिसणार.”

शनिवारी दोघी विरार पश्चिमेला धवलच्या दुकानात गेल्या. टीचरांच्या एका हातात घडीचं लोखंडी स्टँड होतं आणि पर्समध्ये शिवणाची टेप.

“सिनेमा बघायला की गेम खेळायला?” धवलने विचारलं.

“चर्चच्या गाण्यांसाठी.” टीचरांनी काउंटरसमोर स्टँड उभं केलं, टेपने अंतर मोजलं आणि स्टूल मागून घेतलं. धवल बघतच राहिला.

पहिला टॅब आठ इंची होता. नऊ हजारांचा. त्यावर सूर मुंग्यांसारखे दिसले. “हा नातवंडांना द्या,” टीचर म्हणाल्या. दुसरा दहा इंची, स्वस्त आणि हलका. अक्षर वाचता आलं, पण बोटाने पान सरकवलं की तो क्षणभर अडकायचा. टीचरांनी मांडीवर ठेका धरला आणि पुन्हा सरकवून पाहिलं.

“दीड ठोका,” त्या म्हणाल्या. “दीड ठोक्यात मी मागे राहते आणि जॅक्सन मागे वळून बघतो. नको.”

“याची रॅम कमी आहे,” रचना म्हणाली. “जास्तीची दाखवा.”

तिसरा धवलने मोठ्या कौतुकाने काढला. अकरा इंची, चकचकीत, चार स्पीकरवाला. टीचरांनी त्यावर गाण्याचं पान उघडलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मध्ये अरुंद कागद.

“हा लांबट आहे. माझा कागद लांबट नाही.”

“आंटी, सगळे आजकाल असेच घेतात.”

“सगळ्यांना सिनेमा बघायचा असेल. मला एका माणसाला बघायचंय.”

शेवटी धवलने आतून गेल्या वर्षीचं एक मॉडेल आणलं. जवळपास चौकोनी, बारा इंचांच्या आसपास. कुणी मागत नाही म्हणून खोक्यात पडून होतं. टीचरांनी स्टँडवर ठेवलं, ट्यूबलाइटखाली तिरकं करून पाहिलं, मागे सरकून बसल्या. पान पूर्ण दिसत होतं. ओळी वेगवेगळ्या दिसत होत्या. एप्रिलपासून पहिल्यांदाच त्यांना ओळीच्या वरचं बारीकसं तीव्र स्वराचं चिन्हही वाचता आलं.

रचनाने अपडेट किती वर्षं मिळतील ते विचारलं, वॉरंटीचा कागद वाचला, आणि घासाघीस करून तो साडेसोळा हजारांत घेतला. उरलेल्या पैशांत पायाने दाबायचं पेडल आलं. डाव्या पायाने दाबलं की पान उलटतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर टीचरांच्या घराच्या खिडक्या बंद असायच्या. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून त्या जुन्या कीबोर्डला हेडफोन लावून वाजवायच्या. रचनाने त्यांना फोटो काढून कडा नीट कापायला शिकवलं. तीनशे बारा पानं झाली. एका संध्याकाळी ती म्हणाली, “काकू, तुम्ही आता ईस्टरच्या आधीपेक्षाही छान वाजवत असाल. ते राग वगैरे सोडून द्या ना.”

“रागामुळेच एवढं वाजतंय,” टीचर म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

नोव्हेंबरात त्या फादरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “माझी परीक्षा घ्या. जमलं नाही तर पुन्हा कधी विचारणार नाही.” फादर भले माणूस. त्यांनी रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये कॉयर आणि कौन्सिलच्या लोकांना बोलावलं. टीचर तयारीने येतील हे जॅक्सनला कळलं असावं. तो हसत पुढे आला आणि तीन कागद त्यांच्यासमोर ठेवले. पूर्ण नवीन रचना, बारीक, पुसट झेरॉक्स.

“पाठ असलेलं तर कुणीही वाजवेल टीचर. हे वाजवा.”

टीचरांनी कागद टेबलावर पसरले, पिशवीतून टॅब काढला, तीन फोटो काढले, कडा कापल्या, आणि तो स्टँडवर ठेवला. मिनिटभर लागलं असेल. मग त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. एकदाही थांबल्या नाहीत. मग तिसऱ्या पानावरच्या मधल्या एका सुरावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे छापण्यात चूक आहे. तुझ्या लक्षात आली नाही?”

कुणीतरी हसलं. जॅक्सनचे कान लाल झाले. जानेवारीतल्या चर्चच्या सणापासून पुन्हा टीचरच वाजवतील, असं फादरांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. ॲंजेला कोपऱ्यात उभी होती.

एवढ्यावर थांबता आलं असतं. टीचर थांबल्या नाहीत.

सणाच्या मिस्सेला बिशप यायचे होते. अर्पणगीतात जॅक्सनचं एकट्याचं कडवं होतं, वर्षानुवर्षांचं. लोक त्याची वाट बघायचे. त्यातला सर्वांत वरचा सूर तो जेमतेम गाठतो, हे टीचरांना ठाऊक होतं. त्यांनीच तो त्याच्याकडून घोटून घेतला होता. वर्षं सरतात तसा आवाज खाली येतो, हेही ठाऊक होतं.

अर्पणगीताच्या आधी सगळे उभे राहत असताना त्यांनी ऑर्गनचं पट्टी चढवायचं बटण दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

पुढचं सगळं कागदाबरहुकूम झालं. सुरावट वाजली, कॉयरने पहिलं कडवं ताणून कसंबसं गायलं, आणि जॅक्सन पुढे आला. दोन ओळी ठीक गेल्या. तिसऱ्या ओळीत मानेच्या शिरा फुगल्या. वरच्या सुरावर आवाज फाटला, पोरवयात फुटतो तसा. तो थांबला, खाकरला, पुन्हा घ्यायला गेला, पुन्हा फाटला. मागच्या बाकांवरची मुलं खुसफुसली. टीचर वाजवत राहिल्या, एक ठोकाही न सोडता. पेडल दाबलं, पान उलटलं. जॅक्सनने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही त्याच्याकडे पाहिलं, आणि ओळ संपेपर्यंत नजर हलवली नाही.

मिस्सेनंतर तो ऑर्गनपाशी आला. “तुम्ही पट्टी चढवलीत.”

“तुला विश्रांतीची गरज आहे जॅक्सन,” टीचर म्हणाल्या.

तो निघून गेला. त्या आठवड्यात त्याने कॉयरचं प्रमुखपद सोडलं. टीचर घरी गेल्या, मटण आणि तांदळाचे पोळे जेवल्या, आणि कित्येक महिन्यांनंतर सलग आठ तास झोपल्या. आपल्याला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ॲंजेला फाटकात आली. टीचरांनी तिला आत घेतलं, पण खुर्ची पुढे केली नाही.

“मी ऑर्गनजवळच उभी होते,” ॲंजेला म्हणाली. “तुम्ही बटण तीनदा दाबलंत. मी मोजलं. पप्पांना नुसता संशय आहे, मी काही सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलं?”

“मला पण त्या ईस्टरला कुणी विचारलं नव्हतं, टीचर. माझा नर्सिंगचा क्लास रविवारी असतो. नऊ महिने बुडाला.” तिने डोळे पुसले. “आता जाते मी क्लासला.”

टीचरांनी खुर्ची पुढे सरकवली. चहा ठेवला, नानखटाई काढली. ॲंजेला बसली, निम्मा कप प्यायली आणि हळूच म्हणाली, “पप्पा दोन दिवस खोलीतून बाहेर आलेले नाहीत. तुम्ही एकदा येऊन बोलाल का त्यांच्याशी?”

टीचरांनी तिच्या बशीत आणखी एक नानखटाई ठेवली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “अजून नाही.”