कडू भस्म

"एकशे तीन!" महाराजांनी थर्मामीटर बघून माइकवर आकडा पुकारला. नायगावजवळच्या माळावर मंडप गच्च भरला होता. आजाऱ्याच्या जिभेवर चमचाभर भस्म, मग लांबलचक भजन आणि पुन्हा थर्मामीटर. "नव्व्याण्णव! कुठं हाय तुमचं सायन्स? बोलवा की!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सायन्स महाराजांच्या हातातच होतं, थर्मामीटर!

पुढच्याच रांगेत महानंदावहिनी तिच्या लेकीला, माझ्या भाचीला अक्षराला, मांडीवर घेऊन बसली होती. हे सगळं मी नंतर मोबाइलवर पाहिलं.

रक्ताच्या कर्करोगासाठी अक्षराला नवं रक्त तयार करणाऱ्या माझ्या मूळपेशी दिल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची आहे. गर्दी नको, धूळ नको, थोडा जरी ताप आला तरी तडक दवाखाना. पण दवाखाना म्हटलं की पोर थरथरायची, आणि वहिनी थकली होती. ताप आल्यावर तिनं पोरीला मंडपातच नेलं.

महाराजांनी पुडी घरी न्यायला दिली. सकाळ-संध्याकाळ भस्म. ताप पुन्हा येईना. वहिनी निर्धास्त झाली.

मी नांदेडहून भेटायला गेले, तर अक्षरा निपचित पडलेली.

"आत्या, हे भस्म कडू हाय," ती म्हणाली. "घरचं कडू न्हाई लागत."

आम्ही लिंगायत. भस्म रोज कपाळावर, थोडं जिभेवर. त्याला कडूपणा नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी चाखलं. तापाची गोळी! पोरीचे हात गार पडले होते.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "रक्तात जंतू पसरलेत. तिच्या अंगात धोका सांगणारा ताप तेवढाच होता. गोळीनं तो दाबला, जंतू वाढत राहिले."

अक्षरा गेली. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उरलेली पुडी प्रयोगशाळेत तपासली. राख आणि पॅरासिटामॉलची पूड, बाकी काही नाही.

तपासणीचा कागद घेऊन वहिनी आणि मी मंडपात गेलो. "बोला माय, उतरला का न्हाई पोरीचा ताप?" महाराजांनी वहिनीपुढे माइक धरला.

"उतरला म्हाराज," वहिनी म्हणाली. "पोरगी न्हाई ऱ्हायली."

टाळ्या वाजल्या नाहीत. मी कागद मोठ्यानं वाचला.

ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नसतं. चमत्कार दिसला तर आत काय घातलंय ते विचारा. एका पोरीनं सांगितलं होतं. आम्हीच उशिरा ऐकलं.