हिरवी वायर

दिवाळीपासून घुमणारा गिटारचा अँप त्या सकाळी गप्प होता.

वर्षाराणी दारातच थांबली. समोर तिचा धाकटा भाऊ राजवीर गळ्यात गिटार अडकवून उभा होता. अँपच्या पेटीतले काचेचे व्हॉल्व्ह तांबूस पेटले होते आणि स्पीकरमधून गिटारच्या सुराखेरीज काही म्हणजे काही येत नव्हतं.

"आक्का, ऐक." त्यानं तळहातानं तारा दाबल्या. "टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"काय केलंस तू?"

"मी काय करणार? तुझंच लेकरू ते. ऐनवेळी शहाणं झालं."

अँप तिनंच बांधला होता. जुन्या धर्तीचा, व्हॉल्व्हचा. एकेक वायर हातानं डाग देऊन जोडलेली. पत्र्याची पेटी शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून वाकवून आणली. ट्रान्सफॉर्मर पिराजीनं गुंडाळून दिला. पिराजी शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचा. असलं नाजूक काम त्यानं हौसेनं केलं. राजवीरला तो जुना आवाज हवा होता, चढवला की घसा बसलेल्या माणसासारखा किंचित फाटणारा. तो मिळालाही. पण त्याच्यामागून ती घरघर यायची. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की वाढायची. वर्षाराणीनं जोडन् जोड तपासला होता, तरी ती हटत नव्हती.

ज्युनिअर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. कारणाशिवाय काही बिघडत नाही, हे मुलांना दरवर्षी सांगायची. कारणाशिवाय काही सुधारतही नाही, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"बंद कर. संध्याकाळी खोलून बघते."

"संध्याकाळीच तर कार्यक्रम हाय की गं! गडमुडशिंगीची जत्रा. आता तू खोलणार, आणि ते परत बोंबलायला लागणार. राहू दे ना."

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तिनं हट्ट सोडला. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, उशीर झाला होता. ती गेली. पण दिवसभर मुलं मीटर जोडत होती आणि तिचं लक्ष त्या शांततेकडं लागलं होतं. रडणारं मूल एकाएकी गप्प झालं की आई जशी हातातलं काम सोडून उठते, तसं तिला उठावंसं वाटत होतं.

ती घरी आली तेव्हा अँप गेलेला होता. धुणीभांडी करणाऱ्या तानाबाई फरशी पुसत होत्या.

"गेला का राजवीर?"

"गेला की दुपारीच. ती पेटी घिऊन. बरं झालं गेली. चावती ती."

वर्षाराणीनं पर्स खाली ठेवली. "चावते म्हणजे?"

"सकाळी फडकं मारताना हात लागला. कोपरापातूर मुंग्या आल्या, बाई. मी वरडले, तर राजूबाळ हसतंय. म्हणतंय, तानाबाई, तुमीच तिला चावला असशीला!" तानाबाईही हसल्या.

वर्षाराणी हसली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा पक्कड-कटर पडला होता. तो तिनं तिथं ठेवला नव्हता. त्याच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा तुकडा होता, हिरव्या वायरीचा.

ती खुर्चीवर बसली. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. पेटीच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर तिला जमिनीत नेऊन सोडायचं एवढंच तिचं काम. पण गिरणीच्या मोटरीचा गोंगाट त्याच वाटेनं अँपमध्ये शिरत होता. वायर तोडली, घरघर थांबली. सगळ्यांना पटेल असा उपाय.

ट्रान्सफॉर्मर तिनं तपासला होता, पण थंड असताना. तासभर तापल्यावर त्याच्या गुंडाळीतून पत्र्यात काय झिरपतं, हे तिनं मोजलंच नव्हतं. जे झिरपत होतं ते हिरव्या वायरीनं मुकाट वाहून नेलं होतं. आता ते पत्र्यातच साचून राहणार; आणि गिटारच्या तारा त्याच पत्र्याला जोडलेल्या. राजवीरला सकाळी काही जाणवलं नाही, कारण घरात त्याच्या पायात रबरी स्लिपर असतात. तानाबाईंच्या पायात काही नव्हतं आणि हातात ओलं फडकं होतं.

आणि देवळाच्या कट्ट्यावर चपला घालून कोण चढतं?

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिनं कपाटातून टेस्टर घेतला आणि स्कूटर काढली.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या. एकीमागं एक, कर्ण्यावर गाणी लावून, सगळा रस्ता अडवून. हॉर्न कुणाला ऐकू जात नव्हता. मोळ्यांची टोकं तिच्या तोंडासमोर डुलत होती. ती कडेच्या मातीत उतरली, घसरली, सावरली, पुढं गेली.

गावात शिरताच गिटार ऐकू आली. इतका स्वच्छ आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. सुरामागं काहीच नव्हतं.

कट्ट्याच्या पायऱ्यांशी चपलांचा ढीग होता. पालखीसाठी दगडी कट्टा नुकताच धुतलेला; फरशांच्या सांध्यांत पाणी चमकत होतं. राजवीर मागं सतरंजीवर उभा होता, अनवाणी. त्याच्यापुढं, उघड्या ओल्या दगडावर, माईकचा लोखंडी स्टँड. साउंडवाल्या जोतीरामनं आपल्या सामानाला मात्र जमिनीत पहार ठोकून अर्थ दिलेला.

सतरंजी कोरडी होती. तेवढीच काय ती कोरडी होती.

"राजू! गिटार सोड!"

तेवढ्यात गाणं संपलं आणि शिट्ट्या सुटल्या. तिचा आवाज त्यांत बुडाला. राजवीरनं मान झुकवली, तो हसला आणि बोलण्यासाठी माईककडं निघाला. डावा हात तारांवरच होता. पाय अजून सतरंजीवर होते; ते दगडावर पडले, उजवा हात माईकला लागला, की वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाणार होती.

ती विजेच्या बोर्डाकडं धावली.

"ओ बाई! तिकडं कुटं?" जोतीराम आडवा आला. "करंट हाय तिथं, पावणं, मराल की!"

तिनं त्याला खांद्यानं ढकललं. वायरींचा गुंता होता, पण आपण निवडून आणलेली कापडी वेष्टणाची वायर ती अंधारातही ओळखली असती. तिनं तिची पिन खेचून काढली.

गिटार मेली. लोक ओरडले. राजवीर पुढच्याच पावलांना ओल्या दगडावर उतरला आणि माईकपुढं हात अर्धवट उचलून उभा राहिला.

"आक्का! सगळ्या गावापुढं? काय लावलंयस हे?"

"गिटार खाली ठेव. लांब हो."

"अगं, पण..."

"लांब हो म्हणते ना!"

ती घरात कधी ओरडत नसे. गिटार सतरंजीवर ठेवून तो मागं सरला. चपला घालून ती कट्ट्यावर चढली, तेव्हा कुणीतरी "ओ, चपला!" म्हणालं. तिनं जोतीरामला पिन परत खोचायला सांगितली, आणि टेस्टर पेटीच्या पत्र्याला लावला.

दिवा भर उजेडात नारिंगी पेटला. मग तिनं तो गिटारच्या तारेला लावला. तिथंही पेटला.

"काढ पिन," ती म्हणाली.

जोतीरामनं काढली. "घुमतंय म्हनून मीच ह्याला सांगितलं हुतं फोनवर, अर्थ तोड म्हनून," तो हळूच बोलला. "समदी तोडत्यात."

"मघाशी एकदा ओठाला चावलं," राजवीर म्हणाला. "इथं आल्यावर चपला सोडल्या आणि माईक टेस्ट करत होतो, तेव्हा. वाटलं, घाबरलोय म्हणून."

"तेव्हा अँप किती वेळ चालू होता?"

"नुकताच लावलेला."

म्हणजे थंड. आता दोन तास तापलेला. तिनं पत्र्याजवळ हाताची पालथी बाजू नेली. धग येत होती. लोक अजून शिट्ट्या मारत होते, पुढचं गाणं मागत होते. तिनं वायरीचं टोक मुठीत गुंडाळलं आणि राजवीर हात पुढं करून उभा राहिला तरी सोडलं नाही.

सतरंजीपासून माईककडं ओल्या दगडावर त्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. शेवटचा ठसा स्टँडपासून हातभर अलीकडं होता. तो वाळायला बराच वेळ लागला.