मालिनी छाप

मित्रांनो, माझ्यावरचं नाव उलटं आहे म्हणून दचकू नका. साबणाच्या ओल्या वड्यांवर नाव उठवणारा मी एक जुना पितळी ठसा. सांगतो त्यातलं अक्षर जरी खोटं निघालं, तर मला वितळवून घंटा करा.

१९५० साली अंबरनाथच्या दिनानाथ साबणवाल्यानं मला घडवून घेतलं आणि माझ्यावर आपल्या लेकीचं नाव कोरलं, मालिनी.

त्याची बायको वेणूबाई म्हणाली, "अहो, जित्या पोरीचं नाव साबणाला? लोक घासून घासून झिजवतील की!"

"अगं, घरोघरी नाव होईल तिचं!"

झालं खरं. उल्हासनगरचे सिंधी दुकानदार 'मालिनी' मागवू लागले. घरापुढच्या रस्त्याची मालिनी गल्ली झाली. चामटोली गावात तर एका म्हशीलाही मालिनी म्हणत. माझं कौतुक होई आणि मी फुगे.

मग एकदा भर दुपारी रिकाम्या अंगणात पोर म्हणाली, "ओ!"

"कुणाला गं?" वेणूबाईनं आतून विचारलं.

"बदलापूरच्या दुकानात एक बाई हाक मारतेय. म्हणते, मालिनी दे."

त्यानंतर दिवसभर ओ, ओ, ओ. तोंडात घास असला तरी ओ. तिच्या तळहातावरच्या रेषा पुसट झाल्या, मग गेल्याच. न्हाऊ घालताना साबणावाचून फेस येई. उन्हात तिची सावली फिकी पडे.

घाबरून दिनानाथनं मला फडक्यात गुंडाळलं, साबण बंद केला. पण लोक कुणाचाही साबण 'मालिनी' म्हणूनच मागत. नाव आता माझ्याकडे होतं कुठे?

शेवटी बदलापूर गावाहून त्याची थोरली बहीण बनूबाई आली. "नाव आत्यानं ठेवायचं असतं. काढ पाळणा!"

पुन्हा बारसं झालं. एवढी थोरली पोर पाळण्यात, पाय बाहेर लोंबताहेत. पण एकही बाई हसली नाही. आत्यानं कानात 'कुर्रर्र' करून नवं नाव सांगितलं. मग ते फक्त वेणूबाईच्या कानात.

"अक्का, मला तरी सांग."

"तुला? उद्या वडीवर उठवशील!"

पोरीचं ओ देणं थांबलं. रेषा परतल्या. आई तिला जवळ जाऊन कानातच हाक मारी. बाप मात्र सवयीनं अंगणातून ओरडे, "मालिनी!" ती मानही वर करत नसे. त्याचा चेहरा उतरे, मग फडक्यातून मीच म्हणे, "ओ!"

अजून म्हणतो. माझीही अक्षरं आता गुळगुळीत होत चालली आहेत.

मित्रांनो, दुकानाला, गल्लीला लेकराचं नाव खुशाल द्या. पण एक नाव त्याच्यापुरतं राखा, घरातल्यांनीच घ्यायचं. नाहीतर दिनानाथसारखं होईल. लेक समोर उभी, आणि ओ देणारं भलतंच कुणी.