तिसरी ओळ

आमच्या ह्यांची एक धून तुम्ही नक्की ऐकलेली असणार. बँकेला फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा" म्हणतात आणि मग जे व्हायोलिन वाजतं, ते ह्यांचं. दवाखान्यात, लिफ्टमध्ये, लग्नाच्या व्हिडिओत, कुणाच्या तरी मांजराच्या व्हिडिओतसुद्धा तेच. त्या मांजराच्या मालकाला त्यातून बरे पैसे सुटतात म्हणे. आम्हाला काही सुटत नाही.

ती धून ह्यांनी केली आमच्या मुलीसाठी. जन्मल्यापासून तिचं आणि झोपेचं वाकडं. मी रडकुंडीला यायची, मग हे खाटेच्या कडेला बसून व्हायोलिनवर हलक्या हातानं बो फिरवायचे. पहिल्या दोन ओळी साध्या, कुणालाही सुचाव्यात अशा. तिसरी मात्र खालून उठून वर जायची आणि वर गेल्यावर तिथंच जराशी रेंगाळायची. पोरगी नेमकी तिथं डोळे मिटायची.

पुढे एका कंपनीनं ह्यांना बोलावून एका दुपारी ती रेकॉर्ड केली. चहा दिला, पाकीट दिलं, कागदावर सही घेतली.

"वाचलात का काय लिहिलंय ते?" मी विचारलं.

"अगं, सुरांना कुठं कुलूप लावतात?"

लोक सीडीच्या कॉप्या काढायचे, नंतर फोनवर उतरवून घ्यायला लागले, आणि भेटले की अभिमानानं सांगायचे, तुमची धून आम्हाला फुकट मिळाली. हे खूश व्हायचे. वाटल्यानं कमी होत नाही, म्हणायचे. मी घरी कपड्यांच्या फिटिंगची कामं करते. बाही फुकट आखूड करून दे, असं मला कुणी म्हटलं असतं तर मी त्याला कात्री दाखवली असती. पण ह्यांचा स्वभाव असा, आणि खरं सांगायचं तर मी त्या स्वभावावरच भाळले होते.

मग कार्यक्रम बंद पडत गेले. ज्याच्या खिशातच व्हायोलिन वाजतंय तो व्हायोलिनवाल्याला कशाला बोलावील? ह्यांनी इंटरनेटवर शिकवणी सुरू केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याला फोन टेकवायचा आणि समोर बसायचं. तेवढा वेळ माझं शिवणयंत्र बंद. येणारा प्रत्येक शिष्य आधी तीच धून मागायचा. त्या वर्गावर आमचं घरभाडं निघायला लागलं.

एकदा ह्यांनी त्या धुनेच्या धड्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि तो तासाभरात उडाला. आलेला निरोप मी मोठ्यानं वाचला. ही धून अमक्या कंपनीची मालमत्ता आहे, ती तुम्ही परवानगीशिवाय वापरली आहे, ही पहिली ताकीद, तिसऱ्या ताकिदीनंतर वर्ग कायमचा बंद. सगळं जग ती फुकट उतरवून घेतं, त्याला कुणी हटकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ह्यांनी कंपनीत फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, धून आमच्याकडे नोंदवलेली आहे."

"पण बाळा, केली मी. वाजवलीही मीच."

"हो सर, तसं दिसतंय. पण सही आहे ना तुमची. थांबा हं, मी वरिष्ठांना विचारते."

आणि तिनं फोन होल्डवर ठेवला. होल्डवर काय वाजलं ते मी सांगायला नको. हे शांतपणे ऐकत बसले. माझा संताप संताप झाला, इतका की हातातली सुई मोडली. वरिष्ठही तेच म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा, तो कशाला बिळाबाहेर येतोय.

ह्यांच्या शिष्यांत एक दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "सर, थोडी बदलून वाजवा. माणूस बघतच नाही तिथं, यंत्र ऐकतं. त्याला ओळखू येणार नाही." ह्यांनी लय बदलली. यंत्रानं ओळखली. दुसरी ताकीद आली. मग ह्यांनी तिसऱ्या ओळीलाच हात घातला. वर जायची ती खाली उतरवली. चोरीच्या गाडीची पाटी बदलतात तशी स्वतःच्या धुनेची पाटी बदलली. यंत्र गप्प बसलं.

आता धोका एकच. शिकवता शिकवता हात जुन्या वळणावर गेला तर वर्ग संपला. म्हणून हे रोज सकाळी ती चुकीची ओळ घोटायचे. सुरुवातीला त्या जागेवर आल्यावर ह्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा. मी मान खाली घालून धागा ओवत राहायची. मग एक दिवस चेहरा तसा झाला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या महिन्याचं भाडं वेळेवर गेलं.

यंदा मुलगी बाळंतपणानंतर पहिल्यांदा घरी आली. दुपारी बाळ झोपेना.

"आईवर गेलंय," मी म्हटलं.

"बाबा, माझी धून वाजवा ना. ती खरी. वर्गातली नको."

ह्यांनी पेटी उघडली. इतके खुशीत मी ह्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवून आले. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी खाली उतरली. हे हसले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा उतरली. मग अगदी सावकाश, एकेक बोट दाबत वाजवलं. दोन सूर वर गेले आणि हात आपला आपण खाली आला.

"पुढे कसं होतं गं?" ह्यांनी मला विचारलं.

मी इतकी वर्षं ऐकलेली धून. मी गुणगुणायला तोंड उघडलं, तर माझ्याही तोंडून उतरतीच निघाली.

"राहू द्या बाबा," मुलगी म्हणाली. "माझ्या फोनमध्ये आहे."

"विकत घेतलीस?" मी विचारलं.

"आपलीच तर आहे, आई. विकत कशाला घेऊ?"

तिनं लावली. ह्यांचाच हात, तरुणपणीचा. तिसरी ओळ उठली, वर गेली, तिथं रेंगाळली. बाळानं डोळे मिटले. हे मांडीवर व्हायोलिन घेऊन वाकून ऐकत होते आणि डाव्या हाताची बोटं पट्टीवर हळूहळू त्या जागा शोधायला लागली होती.

"परत लावू का?" मुलगी म्हणाली. "ऐकून ऐकून बसवा ना पुन्हा."

बोटं थांबली. ह्यांनी हात उचलून घेतला.

"नको, बंद कर. हातात बसली तर उद्या वर्गात निघेल."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.