डावीकडे सरकलेला ठिपका

माझ्या बॅलन्सच्या बटणावर एक पांढरा ठिपका आहे, मोहरीच्या दाण्याएवढा. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा हवा असेल, तर तो बरोबर मधोमध असावा लागतो. या घरात कितीतरी वर्षे तो तिथेच होता. मग केसभर डावीकडे सरकला. पुढे आणखी थोडा. आज सकाळपर्यंत तो डावीकडच्या शेवटच्या खुणेला टेकून बसला होता.

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओ आहे. मधे ॲम्प्लिफायरची पेटी, तिच्यावर कॅसेटचा कप्पा आणि दोन्ही अंगांना एकेक लाकडी स्पीकर, असा माझा संसार. माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. भिंगातून बघत बघत तिथल्या बायकांनी माझा एकेक सांधा डाख देऊन जोडला. शेवटी एकीने माझ्या दोन्ही बाजूंना एकच सूर सोडला, मीटरचे दोन्ही काटे सारखेच हलतात ना हे पाहिले आणि आतल्या पत्र्यावर शिक्का मारला. माझ्या चांगुलपणाचा तेवढा एकच पुरावा आता उरला आहे.

मला घरी आणणारे साहेब टेलिफोन केंद्रात इंजिनिअर होते. मैलोगणती तारेत दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्यात त्यांचा हातखंडा होता. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. भाजी खारट झाली तरी ते बायकोला हाच नियम ऐकवत. संध्याकाळी ते माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. पाहुण्यांना म्हणत, "ऐका, व्हायोलिन डावीकडे, बासरी उजवीकडे, गाणारी मधोमध. हात पुढे केला तर लागेल!" पाहुणे माना डोलावत. मला वाटे, असा कान सगळ्यांच्या नशिबी नसतो.

माझी निगा मात्र त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, राखत. बटणांच्या फटींतली धूळ त्या काडीला कापूस गुंडाळून काढत आणि वरून कोरडे फडके फिरवत. गाणी ऐकायला त्यांना सवड होती की नाही, हे कोणी कधी विचारले नाही.

एके दिवशी साहेब गाण्याच्या मधेच उठले.

"डावा आवाज बसलाय याचा. तू ओल्या फडक्यानं पुसलंस का याला?"

"कोरड्यानंच पुसते हो मी."

"मग काय आपोआप बसला?"

मित्रांनो, फडके कोरडे होते. मी साक्षीला उभा होतो. पण माझ्या दोन्ही तोंडांतून कायम दुसऱ्यांचेच बोलणे निघते. माझे स्वतःचे कोण ऐकणार?

मग शोध सुरू झाला. साहेबांनी मागच्या तारांची अदलाबदल केली. डावा बारीकच. स्पीकर इकडचे तिकडे केले. डावा बारीकच. कॅसेट काढून रेडिओ लावला, तरी डावा बारीकच. आता दोष तारेत असता, तर तारेबरोबर तो उजवीकडे गेला असता. स्पीकरमध्ये असता, तर स्पीकरबरोबर गेला असता. खात्यात नव्याने आलेल्यांना हे त्यांनीच शिकवले होते. त्यांनी एकच गोष्ट बदलली नव्हती, ती म्हणजे खुर्चीत बसणारा माणूस.

त्याच्याही बाजूंची एकदा नकळत अदलाबदल झाली. केर काढताना बाईंनी खुर्ची फिरवली आणि ती तशीच राहिली, माझ्याकडे पाठ करून. साहेब आपल्याच नादात आले आणि तिच्यात बसले. गाणे चालू होते. मला फक्त त्यांची मान दिसत होती. थोड्या वेळाने ती ताठ झाली. कारण आता त्यांच्या डाव्या हाताला आलेला माझा उजवाच बारीक वाटत होता! ते उठले, खुर्ची पुन्हा पहिल्यासारखी केली आणि ठिपका आणखी डावीकडे सरकवला. दारात केरसुणी घेऊन बाई उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. 

मला वाटले, सुटलो. आता कानाचा डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला.

"हिनं ओल्या फडक्यानं पुसला, तेव्हापासून असा वागतोय," साहेब म्हणाले. बाई चहाचे कप घेऊन तिथेच उभ्या होत्या.

दुरुस्तीवाल्याने कान देऊन ऐकले. त्याला दोन्ही बाजू सारख्याच लागल्या, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. पण साहेबांचे मन मोडायचे कशाला? "आहे, आहे. जरा बसलाय खरा," तो म्हणाला आणि माझे पोट उघडले. धडधाकट भाग निघाले, नवे बसले. साहेबांना फरक वाटेना, म्हणून तो पुन्हा आला. मग पुन्हा. दर खेपेला ओल्या फडक्याची कथा नव्याने सांगितली गेली, दर खेपेला बाईंनी ती मुकाट्याने ऐकली. त्या आता चहासुद्धा साहेबांच्या उजव्या बाजूने आणून देत, कारण डावीकडून बोललेले वाया जाई.

शेवटच्या खेपेला डाख देणारी तापलेली कांडी जास्त वेळ टेकली आणि आतली तांब्याची पट्टी उखडली. माझा डावा खरोखरच मेला. ठिपका तर पार डावीकडे, म्हणजे उजवा आधीच बंद केलेला. खोलीत काहीच वाजेना. साहेब जवळजवळ खूशच झाले.

"बघ! मी सांगत होतो ना!"

आज सकाळी जुन्या वस्तू नेणारा एक जण आला. मला हाताळत म्हणाला, "काका, एवढा देखणा नग, का काढताय?"

"डावा गेला. हिनं ओल्या फडक्यानं..."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची फिरवली, पाठ माझ्याकडे. "बसा."

"लोकांसमोर काय तमाशा लावलायस?"

"फडकं लोकांसमोरच काढता ना दरवेळी? मग हेही लोकांसमोरच होऊ दे. बसा म्हणते ना."

ते बसले. बाईंनी ठिपका मधोमध आणला आणि गाणे लावले. माझा उजवा एकटाच गाऊ लागला. खुर्ची उलटी असल्यामुळे तो आता साहेबांच्या डाव्या हाताला होता.

"कुठून येतोय आवाज? बोट दाखवा."

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. उजवा हात उचलून त्यांनी बोट दाखवले, थेट माझ्या मेलेल्या स्पीकरकडे.

तो माणूस हसला. "काका, तो तर मुका आहे! बोलतोय तो हा, इकडचा."

बाई हसल्या नाहीत. साहेबांचे बोट तसेच हवेत राहिले.

मित्रांनो, आम्हाला जपायला कोरडे फडके पुरते. पण दोष कुठे आहे हे कळूनही तुम्ही दुसऱ्यालाच उघडत बसलात, तर त्याचे पोट पुन्हा जुळत नाही. माझे जुळणार नाही. बाईंचे काय, ते मला माहीत नाही.

गाणे संपले. हात हळूहळू खाली आला.

"याच्यात काही नव्हतं," साहेब भिंतीकडे बघत म्हणाले. "तूही काही केलं नव्हतंस. डावा कान माझा गेलाय. उद्या दाखवायला जाऊ."